आत शिरलेली मुलगी

राग लवकर येतो, अशी माझ्याबद्दल घरात जुनी तक्रार आहे. सून गालात हसते, नातवंडं माझी नक्कल करतात, आणि रिसोडचे डॉक्टर दंडावरची रक्तदाबाची पट्टी सोडता सोडता म्हणतात, “बाई, आता शांत राहायला शिका.” मी सगळी नोकरी नर्स म्हणून केली, दुसऱ्यांना हेच सांगत आले. पण दहावीच्या वर्षी आमच्या गावात जे झालं ते आठवलं की पट्टी न बांधताही मला कळतं, पारा चढला. हे सगळं एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं. लिहिल्यावर राग जाईल अशी मुळीच आशा नाही. जावा असंही वाटत नाही.

आमचं गाव शिरपूरकडून रिसोडला जाणाऱ्या रस्त्यावरचं. बाबा गावचे पोस्टमास्तर, आणि टपाल वाटणारेही तेच. घराच्या पुढच्या खोलीत पोस्ट आणि मागच्या खोलीत आम्ही चौघं: बाबा, माय, मी आणि माझ्याहून वर्षाने लहान मिलिंद. सकाळी पुढे बाबांचा शिक्का पडायचा, ठप्प, ठप्प, आणि मागे मायच्या हाताखाली ज्वारीची भाकर थापली जायची. दोन्ही आवाज भिंतीच्या दोन बाजूंनी एकदमच यायचे आणि मला अर्धवट झोपेत वाटायचं की घर चालतं ते या दोन आवाजांवरच. माय अंबाडीची भाजी अशी करायची की तिचा आंबट वास पोस्टात आलेल्या माणसापर्यंत पोचायचा. कोणी म्हातारा मनिऑर्डर घ्यायला आला की म्हणायचा, “मास्तर, सही मंग करतो, आधी चून-भाकर तं विचारा.” बाबा हसून मायला हाक मारायचे. पोस्टाच्या नियमात हे बसत नसावं, पण तेवढा एकच नियम बाबांनी मोडलेला मी पाहिला.

बाकी बाबांचा नियमांवर फार जीव. पुढच्या खोलीत, पोस्टाच्या पेटीच्या वर, कोट घातलेल्या एका माणसाची तसबीर होती. देशाची घटना लिहिणाऱ्या माणसाची. बाबांच्या वडिलांनी आपल्या लोकांना गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत ते दिवस पाहिले होते, आणि बाबा सरकारी खुर्चीवर बसून त्याच गावाला टपाल वाटत होते. “कायदा हाये म्हनून आपुन खुर्चीवर बसून राह्यलो, सुजा,” ते मला सांगायचे. “नाई तं अजून बी दाराबाहेरच राह्यलो असतो.” गावातल्या कोणाला अर्ज लिहून हवा असला तर तो आमच्याकडे यायचा, मग तो कोणत्याही पुऱ्यातला, वस्तीतला असो. अर्ज लिहिण्याची बाबांची एक पक्की रीत होती. ऐकलेलं लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं. कोणी पाहिलं, कधी पाहिलं, हे नावानिशी लिहायचं. नाव नसलेला अर्ज म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, असं ते म्हणत.

एसटीच्या थांब्याजवळ बार सुरू झाला तेव्हा मी नववीत होते. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला! दारावर पडदा, आत मोठे पंखे, आणि बाहेर शाळेचे सुविचार रंगवणाऱ्या पेंटरनेच रंगवलेला फलक: ‘अल्पवयीन मुलामुलींना आत येण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.’ बाबांनी पहिल्या दिवशी सायकल थांबवून तो फलक पूर्ण वाचला. मी मागे कॅरिअरवर बसले होते. “पाह्य,” ते म्हणाले, “दारूचं दुकान हाये, पन कायदा कसा चोख लिवला.” त्यांना खरंच बरं वाटलं होतं. आज मला त्यांच्या त्या बरं वाटण्याचाही राग येतो, आणि राग आल्याबद्दल वाईटही वाटतं.

बारमध्ये रंगीत टीव्ही होता. गावात तोवर दोनच टीव्ही, दोन्ही काळेपांढरे, आणि दोन्ही घरांत आमच्या वस्तीतल्या पोरांना अंगणातूनच बघायला मिळायचं. बारवाल्याला अंगणबिंगण काही नव्हतं. मॅचच्या दिवशी तो सगळ्यांना आत घ्यायचा. सुरुवातीला पोरांना सोडा दिला जायचा, तोही फुकट. फुकट कोणी काही देतं तेव्हा का देतो ते विचारावं, हे त्या वयात कोणाला सुचतं?

मिलिंदचं क्रिकेटवेड सगळ्यांना माहीत होतं. आमच्या वस्तीत संध्याकाळी विहारात वंदना व्हायची. मी पुढे म्हणायचे, बाकीची मुलं मागून. पाचवं शील येतं नशेपासून दूर राहण्याचं, ते मिलिंद सगळ्यात मोठ्या आवाजात म्हणायचा, कारण ते शेवटचं आणि त्यानंतर घरी जाऊन माय भाजलेल्या खारोड्या, कांदा आणि शेंगदाणे द्यायची. मी दहावीत गेले त्या वर्षी पावसाळ्यानंतर तो वंदनेला येईनासा झाला. आला तर बडीशेप चघळत यायचा. मला कळायला हवं होतं. मोठी बहीण होते मी.

कळलं ते एका शनिवारी. सकाळची शाळा साडेअकराला सुटली. मायने मिलिंदची भाकर झाकून ठेवली होती, एक वाजला तरी त्याचा पत्ता नाही. शेजारच्या एका पोराने सांगितलं, “ताई, थो तं बारात मॅच पाहून राह्यला.” मी तशीच गेले. शाळेचाच निळा परकर, वेण्या, पायात चपला. पडदा सारला आणि आत शिरले. उन्हातून आल्यामुळे आधी काही दिसेना, नुसता आंबूस वास आणि टीव्हीवरचा गलका. मग दिसलं. आमच्या शाळेची अकरा पोरं ओळीने बसली होती. खाकी पँटी, पांढरे सदरे, दप्तरं टेबलांखाली. आता सोडा नव्हता, प्रत्येकापुढे बीअर होती. मिलिंदच्या वरच्या ओठावर फेस होता, लहानपणी ताक पिताना असायचा तसा.

गल्ल्यावरचा वसंता उठून आला. “ओ पोरी, कुठं घुसून राह्यली?”

“माह्या भावाले न्यायले आली.”

“आधी बाहेर हो. बाहेरचा बोर्ड वाचता येते का नाई? लहान पोट्ट्याईले आत येनं मना हाये. कायदा हाये.”

मी त्या ओळीकडे हात केला. “मंग हे कोन हायेत?”

“हे गिऱ्हाईक हायेत,” वसंता म्हणाला आणि दंडाला धरून त्याने मला पडद्याबाहेर काढलं. पोरं हसली. मिलिंद हसला नाही, पण उठलाही नाही.

मी रस्त्यावर उभी राहिले आणि तो फलक पुन्हा वाचला. तो लागल्यापासून पाळला गेला असेल तर एकदाच, आणि तो माझ्यावर! इतकी संतापले होते की रडू फुटलं, आणि रडू फुटलं म्हणून आणखी संतापले. थांब्यावर बसची वाट पाहणारी माणसं माझ्याकडे पाहत होती.

बाबांनी मिलिंदला मारलं नाही. त्याला समोर बसवलं आणि विचारलं, त्याने मान खाली घालून कबूल केलं. मग बाबांनी हात धुतले, कागद घेतला, आणि दारूचे परवाने देणाऱ्या जिल्ह्याच्या कचेरीला अर्ज लिहायला बसले. मी जे पाहिलं ते दोनदा विचारून घेतलं. अकरा म्हणजे नक्की अकरा का? बीअर कशावरून? शेवटी म्हणाले, “सुजा, पाह्यनारी तूच हायेस. तुह्यं नाव टाकू?”

“टाका ना, बाबा.”

मला अभिमान वाटला. सरकारला जाणाऱ्या अर्जात माझं नाव! बाबांनी रात्रीच्या जेवणाआधी तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला: ‘माझी मुलगी सुजाता, वय वर्षे पंधरा, हिने सदर बारमध्ये स्वतः जाऊन अकरा विद्यार्थी मद्यपान करीत असल्याचे प्रत्यक्ष पाहिले आहे.’ माय म्हणाली, “चांगलं लिवलं.” आमच्यापैकी एकालाही त्यातली खोट दिसली नाही. आपल्या पंधरा वर्षांच्या पोरीने कायदा मोडला, हे आम्ही आमच्याच हाताने, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून कळवत होतो. हुशार माणसाने निनावी पत्र टाकलं असतं. कायद्यावर इतका विश्वास असलेली माणसंच असली चूक करू शकतात.

आणखी एक गोष्ट मला दिसायला फार वर्षं लागली. नावाशिवाय अर्ज लिहायचा नाही म्हणणाऱ्या बाबांनी त्या अर्जात नाव एकच लिहिलं होतं, माझं. मिलिंदला पुढच्या वर्षी वाशीमच्या वसतिगृहात घालायचं चाललं होतं, त्यासाठी चालचलनाचा दाखला लागणार होता. म्हणून मिलिंद त्या ‘अकरा विद्यार्थ्यां’त बसला. बाबांनी हे ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. पण हात आपोआप तसाच चालला, आणि तो बाबांसारख्या सरळ माणसाचा हात होता, याचा मला जास्त राग आहे.

अर्जाची बातमी जिल्ह्याच्या साहेबांच्या आधी गावात पोचली. हातपंपावर बायका म्हणू लागल्या, पोस्टमास्तरची पोट्टी बारात गेल्ती म्हणे. काहून गेली, कोणाला आणायला गेली, हे कोणी विचारत नव्हतं. पंधरा दिवसांनी हेडमास्तरांनी बाबांना बोलावलं. जिल्ह्याहून चौकशी येते आहे, ते म्हणाले, आणि पंचनाम्यात जर या मुलीचं नाव आलं तर शाळेची बदनामी होईल. “मुलींची पण शाळा आहे ही, मास्तर. तसं झालं तर तुम्ही दाखला काढून घ्या.” दहावीची परीक्षा चार महिन्यांवर होती. आमच्या वस्तीतून तोवर एकही मुलगी मॅट्रिकला बसली नव्हती. मी पहिली होणार होते. शाळा सुटली असती तर पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती, माझ्या चुलतबहिणींची लग्नं त्याच वयात झाली होती.

चौकशीचे साहेब एका सकाळी दहाला जीपने आले. ग्रामपंचायतीच्या कचेरीत बसले. शेजारी बारचा मालक, हसतमुख, स्वतःच्या हाताने साहेबांना चहा देत होता. अर्थातच त्या दिवशी बारमध्ये टीव्हीही बंद होता आणि पोरंही नव्हती. साहेबांनी जाऊन पाहिलं, फलक पाहिला, वसंताला विचारलं आणि येऊन लिहायला बसले. बाबा टोपी हातात धरून उभे. मी त्यांच्या मागे. लिहून झाल्यावर साहेबांनी वाचलं: अर्जदाराची अल्पवयीन मुलगी सुजाता ही परवानाधारकाच्या जागेत शिरली होती. व्यवस्थापकाने फलकावरील नियमानुसार तिला तत्काळ बाहेर काढले. इतर कोणी अल्पवयीन व्यक्ती आढळून आली नाही. “आणि तुम्ही खाली लिहून द्या,” ते बाबांना म्हणाले, “की मुलीला पुन्हा तिथे जाऊ देणार नाही.”

“साहेब, पन थे अकरा पोरं?”

“नावं कुठे आहेत अर्जात? नाव एकच आहे.”

आयुष्यभर बाबांनी लोकांना सांगितलेलं त्यांच्यासमोर उलटं धरलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला. मिलिंद शाळेतून पळत आला होता. अंगात तोच पांढरा सदरा, घामाने भिजलेला. “साहेब, मी होतो आत. मी बीअर पिली. ताई मलेच न्यायले आल्ती.” आणि मग त्याने एकेक करून बाकीच्या दहा जणांची नावं घेतली. पाचवं नाव शाळेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं होतं. मालकाचं हसू गेलं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. “वय काय तुझं?”

“चौदा.”

“मग तुझा जबाब कसला घ्यायचा? लहान मुलाचं बोलणं धरता येत नाही.”

माझा तोल सुटला. “मी पंधराची हावो! माह्यं मंग कसं धरलं?”

“तुझं बोलणं कुठे धरलंय?” साहेब शांतपणे म्हणाले. “तुझं आत शिरणं धरलंय.”

हे वाक्य मी आजवर विसरले नाही. आता हायवेला दर दोन मैलांवर ‘फॅमिली गार्डन’ नावाचा बार असतो, दारात तोच मजकूर, आता प्लास्टिकच्या फलकावर छापलेला. कुठल्या मोठ्या शहरात बड्या घरची पोरं पिऊन गाडी चालवतात, माणसं चिरडतात, मग चार दिवस धाडी पडतात, टीव्हीवर तावातावाने चर्चा होते की मुलांना आत सोडलंच कसं. मी टीव्ही बंद करते. कसं सोडलं ते मला माहीत आहे. कायदा मुलांसाठी केलेला असतो आणि दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात दिलेला असतो. ज्याचं बिल होणार आहे तो त्याच्या लेखी मूल नसतोच. सून म्हणते, आई, बीपी. असू दे बीपी!

तर त्या सकाळी. साहेब कागदाची घडी करायला लागले तेव्हा माय आत आली. ती बाहेर खिडकीशी उभी राहून सगळं ऐकत होती. माय कधी पुढच्या खोलीत, पोस्टातसुद्धा, चार माणसांत बोलली नव्हती. पदर डोक्यावरून घेऊन ती टेबलापाशी आली आणि मिलिंदकडे बोट केलं.

“याचं नाव लिवा.”

“अगं, मिल्याचं होस्टेल हाये,” बाबा पुटपुटले. “दाखला नाई भेटनार त्याले.”

“नाई भेटू द्या. माह्या पोरीचं नाव एकटं नाई राह्यनार त्या कागदावर.”

साहेब समजावू लागले. बाई, तुम्हाला कळत नाही, मुलाचं नुकसान होईल, त्याला पुढे शिकायचंय. माय म्हणाली, “पोरीचं नुकसान लिवून झालं ना तुमचं? तिले बी शिकाचं हाये. आता पोराचं बी लिवा. अन् थे दहा बी.”

साहेब उठले. माय त्यांच्या आधी बाहेर गेली आणि जीपच्या पुढे, चाकाला पाठ लावून, मातीत बसली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. बाबा तिला उठवायला गेले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून मागे सरले. मिलिंद जाऊन तिच्या शेजारी बसला. मग मी बसले. बारा वाजताची बस गेली, एकची गेली. विहारातल्या सात-आठ बाया आल्या आणि काही न विचारता बसल्या. नंतर आश्चर्य म्हणजे दुसऱ्या पुऱ्यातली एक बाई आली, त्या दहांपैकी एकाची आई. तिने कोणाकडे पाहिलं नाही, फक्त येऊन टेकली. ऊन चढलं होतं. मालक आत-बाहेर करत होता, साहेब खिडकीतून बघत होते. दोनच्या सुमारास त्यांनी बाबांना आत बोलावलं आणि पेनाचं टोपण काढलं.

याने जग बदललं असं कोणी समजू नये. बार पंधरा दिवस बंद राहिला आणि मग उघडला. फलक जरा मोठा झाला. मिलिंदला वसतिगृह मिळालं नाही. गावातच राहून, रोज सायकलने जाऊन-येऊन तो शिकला आणि पुढे एसटीत लागला. या गोष्टीवरून तो मला कधी बोलला नाही, मीच कधीमधी त्याला चिडून बोलले की त्या शनिवारी उठला का नाहीस. शाळेने माझा दाखला काढला नाही, कारण माझा काढायचा तर अध्यक्षांच्या पुतण्याचाही काढावा लागला असता. मी मॅट्रिकला बसले आणि पास झाले.

पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. बाबा कागद घेऊन बाहेर आले तरी माय उठेना. तिला वाचता येत नव्हतं आणि त्या दिवशी तिचा कोणावरही भरवसा नव्हता, बाबांवरसुद्धा. तिने कागद माझ्याकडे द्यायला लावला. मी मोठ्याने सगळा वाचला. आधी माझं नाव, मग नव्याने लिहिलेल्या ओळींत मिलिंदचं, मग ते दहा.

“तुह्यं कोनतं?” तिने विचारलं. मी बोट ठेवलं.

“अन् याचं?” मी खाली बोट सरकवलं.

तिने कागद उन्हात धरला, डोळे बारीक करून दोन्ही नावांकडे पाहिलं. “दोनी एकाच शाईनं लिवले हायेत ना?”

“हो, माये. एकाच.”

मग तिने माझ्या खांद्याला धरलं, उठून उभी राहिली आणि जीपला वाट दिली.